सोपवलेलं राज्य : हिज्कीया राजाकडून शिकायचे कानमंत्र



यंदा तुमच्यापैकी कुणी मंडळीच्या पंचांत निवडून आलं आहे, कुणाच्या हाती तरुण संघ आला आहे, कुणी महिला मंडळाची चिटणीस झाली आहे, तर कुणाला शाळेच्या कमिटीवर घेतलं आहे. तुमचं मनापासून अभिनंदन. आम्ही पहिल्यांदा अशा कामावर बसलो तेव्हा वडीलधाऱ्यांनी एक अट घातली होती : सभेला येण्याआधी यहूदाचा राजा हिज्कीया याची हकिकत सलग वाचून काढा. ती तीन ठिकाणी येते. दुसरे राजे, अध्याय १८ ते २०. दुसरे इतिहास, अध्याय २९ ते ३२. आणि यशया, अध्याय ३६ ते ३९. एका बैठकीत वाचून होते. त्या वाचनाबरोबर त्यांनी आमच्या कानात जे घातलं आणि पुढे काम करताना ज्याची खात्री पटत गेली, ते आज तुमच्या हाती देतो.

हिज्कीयाच का? कारण त्याला काहीही आयतं मिळालं नव्हतं. वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गादीवर बसला आणि २९ वर्षं त्याने राज्य केलं. त्याचा बाप आहाज याने अश्शूरच्या राजाला खूश ठेवण्यासाठी मंदिरातलं सोनंरुपं पाठवून दिलं होतं, दमास्कसमधली परकी वेदी पाहून तसलीच यरुशलेमेत उभारली होती आणि शेवटी मंदिराची दारंच बंद करून टाकली होती. उत्तरेचं इस्राएलाचं राज्य हिज्कीयाच्या डोळ्यांदेखत बुडालं. त्याची राजधानी शोमरोन पडली, माणसं देशोधडीला लागली. पुढची पाळी यहूदाची, हे सगळ्यांना दिसत होतं. रिकामी तिजोरी, बंद मंदिर आणि वेशीवर यायला निघालेला शत्रू, एवढ्या भांडवलावर त्याने कारभार हाती घेतला.

त्याच्या हकिकतीत एकच धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. राज्य आपलं नाही, ते सोपवलेलं आहे. वाट्याने केलेल्या शेताचा हिशेब मालकाला द्यावा लागतो, तसा राजालाही आपल्या राज्याचा हिशेब परमेश्वराला द्यावा लागतो. हे जोवर हिज्कीयाच्या ध्यानात होतं तोवर तो मोठमोठ्या संकटांतून तरला. ज्या दिवशी तो हे विसरला त्या दिवशी घरात शत्रू नसतानाही त्याने नुकसान ओढवून घेतलं. पुढचे सगळे कानमंत्र या एका गोष्टीतून निघाले आहेत.

१. पहिल्याच महिन्यात बंद दार उघडा

हिज्कीयाने पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात मंदिराची दारं उघडली आणि दुरुस्त केली. आधी सैन्य नाही, आधी राजवाडा नाही. याजक आणि लेवी यांना पूर्वेकडच्या चौकात बोलावून त्याने सांगितलं की आपल्या वाडवडिलांनी परमेश्वराकडे पाठ फिरवली, म्हणून आपल्यावर ही वेळ आली. आता तुम्ही हयगय करू नका. मग काम सुरू झालं. महिन्याच्या पहिल्या तारखेला साफसफाईला हात घातला. आठव्या दिवशी ते मंदिराच्या द्वारमंडपापर्यंत पोचले, आणखी आठ दिवस आतलं मंदिर शुद्ध केलं आणि सोळाव्या दिवशी काम संपवलं. आतली सगळी घाण बाहेर काढून किद्रोन ओढ्यात नेऊन टाकली. आहाजाने टाकून दिलेली पात्रं दुरुस्त करून वेदीपुढे मांडली आणि राजाला येऊन अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी राजा सकाळी लवकर उठून नगराच्या अधिकाऱ्यांना घेऊन मंदिरात गेला.

यातून दोन गोष्टी घ्या. चूक झाली हे त्याने स्पष्ट सांगितलं, पण सांगण्यात एकच भाषण खर्च केलं आणि लगेच झाडू हातात दिला. मागच्या कमिटीने काय घाण केली याच्या चर्चेत सहा महिने घालवणारी कमिटी स्वतः काही करत नाही. दुसरं, काय बंद पडलंय ते आधी पाहा. मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, वाचनालय, गरीब विद्यार्थ्यांचा निधी, जे मूळ काम म्हणून तुमची संस्था उभी राहिली ते आधी चालू करा. रंगरंगोटी आणि नवा माइक नंतर. आणि त्या कामाला तारीख लावा. कधी सुरू, कधी अर्धं, कधी पूर्ण, हे लिहून ठेवा.

२. जुनं मोडताना आणि जपताना एकच कसोटी लावा

मोशेने रानात केलेला पितळी सर्प तोवर जपून ठेवलेला होता. खुद्द मोशेच्या हातची वस्तू, तीही देवाच्या आज्ञेने केलेली, माणसांचे प्राण वाचवलेली. पण लोक तिच्यापुढे धूप जाळू लागले होते. हिज्कीयाने तिचे तुकडे केले. लोकांना काय वाटलं असेल याचा विचार करा. मोशेच्या हातची वस्तू तोडायला किती धैर्य लागलं असेल!

पण त्याच राजाने दावीदाच्या काळची झांजा, सतारी आणि वीणा यांची सेवा पुन्हा सुरू केली. तीही जुनीच होती. म्हणजे त्याला जुन्याचा राग नव्हता आणि नव्याची हौसही नव्हती. ज्या गोष्टीने लोक देवाकडे वळतात ती त्याने उभी केली. जी देवाच्या जागी जाऊन बसली होती ती काढली.

तुमच्यासमोर रोज कुणीतरी म्हणेल, आपल्याकडे पूर्वीपासून असंच चालतं. त्यावर चिडू नका आणि दबूही नका. शांतपणे विचारा : हे कशासाठी सुरू झालं होतं आणि आज त्याने तेच काम होतं आहे का? एखाद्या घराण्याचा मान, एखादी राखीव खुर्ची, एखादा सण साजरा करण्याची खर्चिक पद्धत, या सगळ्यांना हीच कसोटी लावा. उत्तर मिळाल्यावर मात्र अर्धवट करू नका. आणि पाडण्याच्या यादीबरोबर उभं करण्याची यादीही हातात असू द्या.

३. हसणाऱ्यांमुळे निमंत्रण मागे घेऊ नका

वल्हांडण सण पहिल्या महिन्यात पाळायचा, पण तोवर पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते आणि लोकही जमले नव्हते. नेमशास्त्रात अडचणीत असलेल्यांना दुसऱ्या महिन्यात सण पाळण्याची सवलत होती. राजाने सरदार आणि मंडळी यांच्याशी विचारविनिमय करून दुसरा महिना ठरवला. मग त्याने दक्षिणेतल्या बैर-शेबापासून उत्तरेतल्या दानपर्यंत जासूद पाठवले. एका राज्याची दोन राज्यं होऊन दोनशे वर्षं उलटली होती. तरीही त्याने उत्तरेच्या एफ्राईम, मनश्शे, जबुलून या वंशांना घरचंच समजून बोलावणं धाडलं.

लोक जासुदांना हसले. काहींनी टर उडवली. पण आशेर, मनश्शे आणि जबुलून यांतले काही लोक नम्र होऊन यरुशलेमेला आले. आलेल्यांपैकी पुष्कळांनी रीतीप्रमाणे शुद्धी केलेली नव्हती आणि तसंच त्यांनी भोजन केलं. राजाने त्यांना बाहेर काढलं नाही. ज्यांनी मनापासून देवाचा शोध घेतला आहे त्या सगळ्यांना क्षमा कर, अशी त्याने त्यांच्या वतीने प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. सण सात दिवसांचा होता, आनंद इतका झाला की आणखी सात दिवस पाळला.

तेव्हा नियम पाठ करा आणि नियमातल्या सवलतीही पाठ करा. मग कुणाला थांबवायचं आणि कुणाला सांभाळून घ्यायचं ते कळेल. वाद घालून दुसऱ्या मंडळीत गेलेली कुटुंबं, वर्षानुवर्षं उपासनेला न येणारी माणसं, शहरात गेलेली मुलं, सगळ्यांना बोलावणं पाठवा. दहांपैकी आठ जण हसतील. जे दोन येतील त्यांच्यासाठी दार उघडं असलं पाहिजे. आणि ते आल्यावर दारातच त्यांची झडती घेऊ नका.

४. पहिलं दान स्वतःचं, आणि हिशेब दिवसाउजेडी

लोकांना दशमांश आणायला सांगण्याआधी हिज्कीयाने होमबलींसाठी स्वतःच्या मालमत्तेतून राजाचा वाटा ठरवून दिला. त्यानंतर लोकांनी धान्य, द्राक्षारस, तेल, मध आणि शेतीचं सगळं उत्पन्न आणायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत राशीच राशी पडल्या. राजा स्वतः त्या राशी पाहायला आला आणि त्याने याजकांना व लेव्यांना त्यांबद्दल विचारलं. मुख्य याजकाने सांगितलं की लोक देऊ लागल्यापासून आम्ही पोटभर जेवतो आहोत आणि एवढं उरलंही आहे.

उरलेल्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न असतो. राजाने कोठ्या तयार करवल्या. त्यांवर कनन्या नावाचा लेवी प्रमुख, त्याचा भाऊ शिमी दुय्यम आणि त्यांच्या हाताखाली नावानिशी देखरेख करणारे नेमले. गावोगावच्या याजकांना वाटा पोचवणारी माणसं वेगळी नेमली आणि लहानमोठ्या सर्वांना सारखं वाटप होईल अशी व्यवस्था केली. जमा करणारा एक, सांभाळणारा दुसरा, वाटणारा तिसरा. ही पद्धत आजही पैशाची पहिली राखण आहे.

खजिनदार कितीही सज्जन असला तरी दानपेटी दोघांनी मिळून मोजा. मोजून होताच रक्कम वहीत लिहून दोघांनी सह्या करा. पावती द्या, मग ती दहा रुपयांची का असेना. वार्षिक सभेची वाट न पाहता दर महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा. आणि मंडळीला कुठल्याही कामासाठी हात पसरायला सांगण्याआधी पंचांनी आपापलं पाकीट उघडलेलं असू द्या. लोक हे पाहतात.

५. संकट यायच्या आधी पाण्याची सोय करा

यरुशलेमेचा मुख्य पाणीपुरवठा म्हणजे गीहोनचा झरा. तो किद्रोन खोऱ्याच्या बाजूला होता. शत्रूने वेढा घातला तर पाणी त्याच्या हाती आणि तहान आपल्या वाट्याला. हिज्कीयाने सरदार आणि शूर माणसं यांच्याशी सल्लामसलत करून बाहेरचे झरे बुजवले आणि पाणी नगरात आणलं. शिलोहाच्या तळ्यापर्यंत जाणारा ५३३ मीटर लांबीचा खडकातला बोगदा बहुतेक अभ्यासक याच कामाचा मानतात. आजही माणसं गुडघाभर पाण्यातून, हातात दिवा धरून त्यातून चालत जातात.

१८८० साली बोगद्याच्या शिलोहाकडच्या तोंडाजवळ भिंतीत एक शिलालेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात काम कसं पुरं झालं ते लिहिलं आहे. खणणाऱ्यांच्या दोन टोळ्या दोन्ही टोकांकडून डोंगराच्या पोटात एकमेकींच्या दिशेने येत होत्या. मधे थोडासा खडक उरला तेव्हा एका बाजूच्या माणसाची हाक दुसऱ्या बाजूच्या माणसाला ऐकू आली. मग त्या आवाजाच्या रोखाने खणत ते एकमेकांना भिडले आणि पाणी झऱ्यापासून तळ्याकडे १२०० हात वाहत गेलं. दोन टोळ्या भेटल्या त्या जागेजवळ बोगदा आजही वाकडातिकडा होतो. दिशा चुकली आणि आवाज ऐकून सुधारली, हे खडकात दिसतं. त्या लेखात राजाचं नाव कुठेही नाही. आहेत ती कुदळ मारणारी माणसं.

हे मनावर कोरून ठेवा. काम झाल्यावर पाटीवर कुणाचं नाव हवं, यावरून कितीतरी चांगली कामं रखडली आहेत. ज्याने अंधारात खणलं त्याचं कौतुक आधी होऊ द्या. दोन गट दोन टोकांनी काम करत असतील तर एकमेकांची हाक ऐकू येईल एवढी शांतता राखा.

त्याच काळातला म्हणून ओळखला जाणारा जवळपास ७ मीटर रुंदीचा तट १९७० च्या दशकात नहमान अविगाद यांनी जुन्या यरुशलेमेत उकरून काढला. तो आधीच्या घरांवरून गेला आहे. तट बळकट करण्यासाठी घरं मोजून पाडली, याचा उल्लेख यशयाच्या बाविसाव्या अध्यायात येतो. त्याच ठिकाणी संदेष्टा खडसावतो की तुम्ही तट पाहिला, तळं बांधलं, पण ज्याने हे सगळं घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या भल्यासाठी निर्णय घ्यावाच लागतो, पण त्यात कुणाचं तरी घर पडत असतं. त्या माणसाच्या दारात स्वतः जा, त्याची सोय लावा. आणि तयारी चोख झाली म्हणून प्रार्थना ढिली पडू देऊ नका.

६. भिंतीवरून उत्तर देऊ नका

हिज्कीयाच्या चौदाव्या वर्षी, इ.स.पू. ७०१ मध्ये, अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची गावं एकामागून एक पडली. सन्हेरीब लाखीशला होता तेव्हा हिज्कीयाने निरोप पाठवून खंडणी कबूल केली : ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं. त्यासाठी त्याने स्वतःच मढवलेल्या मंदिराच्या दारांवरचं सोनं उतरवून दिलं. एवढं देऊनही फौज यरुशलेमेवर आलीच. धमकी देणाऱ्याला भिऊन दिलेला पैसा त्याची भूक वाढवतो, हे इथे लक्षात ठेवा.

मग सन्हेरीबाचा अधिकारी रब-शाके आला. वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो उभा राहिला. याच जागी पूर्वी यशयाने आहाजाला देवावर भरवसा ठेवायला सांगितलं होतं आणि आहाजाने ऐकलं नव्हतं. आता त्याच्या मुलाची परीक्षा होती. हिज्कीयाचे अधिकारी एल्याकीम, शेबना आणि यवाह बाहेर आले. त्यांनी विनंती केली की आमच्याशी अरामी भाषेत बोल, तटावरचे लोक ऐकत आहेत. रब-शाके मुद्दाम आणखी मोठ्याने, लोकांच्याच भाषेत बोलू लागला. मिसरावर भरवसा ठेवाल तर फसाल. घोडे मी देतो, पण त्यांवर बसायला स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? हिज्कीयाने देवाचीच उच्चस्थानं पाडली, मग देव तुम्हाला कसा वाचवेल? उंचावरची ही पूजेची ठिकाणं मोडणं हे राजाचं चांगलं काम त्याने गुन्हा म्हणून लोकांपुढे मांडलं. वर गोड आमिषही दाखवलं, की माझ्याशी तह करा आणि आपापल्या द्राक्षवेलीचं फळ खात बसा.

तटावर माणसं भरली होती. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही, कारण त्याला उत्तर देऊ नका, अशी राजाची आज्ञा होती.

या शांततेमागे राजावरचा विश्वास होता. आधीच चौकात सगळ्यांना गोळा करून त्याने धीर दिला होता, म्हणून लोकांनी ऐकलं. तुमच्यावर आज ना उद्या जाहीरपणे आरोप होतील. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता मजकूर येईल, त्यात निम्मं खरं, निम्मं खोटं आणि तुमचं सगळ्यात चांगलं काम वाकडं करून मांडलेलं असेल. त्या रात्री उत्तर लिहू नका. आपल्या बाजूने कुणाला लिहायलाही सांगू नका. उत्तर द्यायचं ते सभेत, कागदपत्रांसह, विचारून ठरवून द्या.

७. पत्र आधी देवापुढे पसरा

हिज्कीयाने वस्त्रं फाडली, गोणपाट नेसला आणि मंदिरात गेला. अधिकाऱ्यांना आणि वडील याजकांना त्याने यशयाकडे पाठवलं. पुढे सन्हेरीबाचं धमकीचं पत्र आलं. हिज्कीयाने ते हातात घेतलं, वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. मग त्याने जी प्रार्थना केली तिच्यात राजाच्या मानापमानाबद्दल एक शब्दही नाही. जिवंत देवाची निंदा झाली आहे, आम्हाला त्याच्या हातून सोडव, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या राज्यांना तू कोण ते कळेल, असं त्याचं मागणं होतं.

शास्त्र सांगतं की त्या रात्री परमेश्वराच्या दूताने अश्शूरच्या छावणीत १,८५,००० माणसं मारली आणि सन्हेरीब निनवेला परतला. सन्हेरीबाने मातीच्या सहा बाजूंच्या लेखावर स्वतःचा पराक्रम कोरून ठेवला आहे. ४६ तटबंदीची नगरं घेतली, हिज्कीयाला यरुशलेमेत कोंडलं, मोठी खंडणी घेतली, असं तो म्हणतो. यरुशलेम घेतलं, असं तो म्हणत नाही. निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवर त्याने कोरवला तो लाखीशचा पाडाव. ती शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत सामान गाडीवर लादून, लेकरांना बरोबर घेऊन निघालेली लाखीशची कुटुंबं दिसतात.

ते पाहिल्यावर आम्ही तुम्हाला खोटी आशा दाखवू शकत नाही. यरुशलेम वाचलं, पण लाखीश गेलं. विश्वासू नेत्यालाही नुकसान सोसावं लागतं आणि गमावलेल्यांसाठी रडावंही लागतं. विश्वासूपणा म्हणजे विजयाची हमी नव्हे. संकटाच्या वेळी नेता कुठे धाव घेतो, यावरून तो कळतो. कोर्टाची नोटीस असो, खरमरीत पत्र असो की राजीनामा असो, आधी दार लावून तो कागद देवापुढे ठेवा. मग ज्यांच्या सल्ल्यावर तुमचा विश्वास आहे त्यांच्याकडे जा. वकील, पाळकसाहेब, हिशेबनीस सगळे गाठा, पण दुसऱ्या पायरीवर.

८. कडू बोलणाऱ्याला जवळ ठेवा

हिज्कीयाच्याच काळात मोरेशेथ गावचा मीखा संदेष्टा म्हणाला होता की सियोन शेतासारखं नांगरलं जाईल आणि यरुशलेम ढिगारा होईल. दुसऱ्या एखाद्या राजाने त्याचं तोंड कायमचं बंद केलं असतं. हिज्कीयाने त्याला मारलं नाही. त्याने परमेश्वराचं भय धरलं आणि त्याची विनवणी केली. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयाला ठार मारायचा घाट घातला गेला तेव्हा देशातल्या काही वडिलांनी उठून हाच दाखला दिला. हिज्कीयाने आपल्या टीकाकाराला जगू दिलं, त्याचा आधार त्याच्या पणतवाच्या मुलांच्या काळात दुसऱ्या संदेष्ट्याला मिळाला. चांगल्या वागणुकीचे पायंडे असे पडतात.

माणसं नेमतानाही कान उघडे ठेवा. शेबना घरकारभारी असताना उंचावर खडकात स्वतःची थोरली कबर खोदून घेत होता. यशयाने त्याला सुनावलं की तुझ्या जागी एल्याकीम येईल आणि तो यरुशलेमकरांना बापासारखा होईल. वेढ्याच्या वेळी घरकारभारी म्हणून एल्याकीमच पुढे आलेला दिसतो. पदावर बसलेला माणूस स्वतःसाठी काय खोदतो आहे ते पाहा. लोक त्याच्याकडे दुःख घेऊन जातात का, तेही पाहा.

९. कौतुकाला आलेल्या पाहुण्यांपासून सांभाळा

एकदा हिज्कीया आजारी पडून मरणाच्या दारात होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली. यशयाने अंजिरांची ढेप गळवावर लावायला सांगितली आणि देवाने त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं. ही बातमी ऐकून बाबेलचा राजा मरोदख-बलदान याने पत्रं आणि भेट घेऊन दूत पाठवले. हिज्कीया भारावून गेला. चांदी, सोनं, सुगंधी द्रव्यं, मौल्यवान तेल, शस्त्रागार, सगळं त्याने त्यांना दाखवलं. दाखवायचं राहिलं असं काहीच उरलं नाही.

यशया आला आणि त्याने प्रश्न विचारले. ती माणसं काय म्हणाली? कुठून आली? तुझ्या घरात त्यांनी काय पाहिलं? मग त्याने सांगितलं की एक दिवस हे सगळं बाबेलला जाईल. जो राजा वेढ्यात डगमगला नाही, तो कौतुकात घसरला. सोपवलेला खजिना त्याने क्षणभर आपला समजून मिरवला. दुसरे इतिहास स्पष्ट म्हणतं की त्याचं मन उन्मत्त झालं होतं. पुढे तो नम्र झाला, हेही तिथेच लिहिलं आहे.

वाईट दिवसांत आपण आपोआप सावध असतो. चांगल्या दिवसांत तो सावधपणा मुद्दाम आणावा लागतो. नवी इमारत उभी राहिली, देणगी आली, वर्तमानपत्रात फोटो आला की घरी येऊन यशयाचे तीन प्रश्न स्वतःला विचारा. पाहुण्यांना संस्था दाखवताना ‘मी केलं’ हे शब्द टाळा. आणि मंडळीच्या जमिनीचे कागद, खात्यातली शिल्लक, माणसांच्या खाजगी अडचणी, या गोष्टी प्रौढी मिरवण्यासाठी कधीच बाहेर काढू नका.

१०. पुढच्याला तयार करा

बाबेलविषयीचं भविष्य ऐकल्यावर निदान माझ्या हयातीत शांती राहील, असं हिज्कीया समाधानाने बोलला. त्याच्या सगळ्या हकिकतीत मला सगळ्यात जड जाणारी जागा हीच आहे. त्याच्या मागे त्याचा मुलगा मनश्शे गादीवर आला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याने ५५ वर्षं राज्य केलं आणि बापाने पाडलेली उच्चस्थानं पुन्हा बांधली. २९ वर्षांची मेहनत एका पिढीत उलटी फिरली.

मात्र हिज्कीयाच्या माणसांनी केलेलं एक काम टिकलं. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी नोंद आहे की शलमोनाची ही वचनं हिज्कीयाच्या माणसांनी उतरवून काढली. जे नीट लिहून पुढच्यांच्या हाती दिलं ते आजही आपण वाचतो.

लिहून ठेवणं आणि पुढच्याच्या हाती काम देणं, आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हे दोन्ही केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी संपूर्ण शास्त्र मराठीत आणण्याचं काम तडीस नेलं. ते छापून पूर्ण झालं १९२४ साली, त्यांच्या मागे. ज्यांच्या हाती काम जायचं त्या कन्या मनोरमाबाई १९२१ मध्ये त्यांच्याआधीच गेल्या. त्या दुःखातही त्यांनी कारभार दुसऱ्या सहकारी बाईंवर सोपवला, म्हणून १९२२ मध्ये त्या गेल्यावर मुक्ती मिशन चालत राहिलं.

म्हणून आता प्रत्यक्ष करायचं ते सांगतो. पहिल्या सभेला जाताना नवी वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर दोन नावं लिहा. एक, तुमची चूक तोंडावर सांगेल अशा माणसाचं. दुसरं, तुमच्यानंतर हे काम करील अशा तुमच्यापेक्षा तरुण मुलाचं किंवा मुलीचं. पहिल्याला महिन्यातून एकदा भेटा आणि मनापासून ऐकून घ्या. दुसऱ्याला पहिल्याच वर्षी हिशेबाची वही दाखवा, सभेत बोलायला उभं करा, किल्ल्या कुठे असतात ते सांगा आणि चुकलं तर पाठीशी राहा. मुदत संपेल त्या दिवशी त्याच्या हाती सगळं नीट सोपवा, आणि पुढच्या रविवारी उपासनेला इतरांबरोबर बाकावर बसा.